हमीचा काठ

४ फेब्रुवारी

ती. मावशीस,

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाचं घालतेस, म्हणून पत्र लिहिते आहे. जन्मभर तलावात शिट्ट्या फुंकून कान घालवलेस तू, आणि टपालाचा भुर्दंड मात्र मला.

बातमी अशी की माझी बदली झाली. खातं तेच, अर्थखातं, पण एक जिना वर, हमी शाखेत. खोलीला खिडकी आहे, पण तिच्यापुढे कपाट ठेवलेलं आहे, त्यामुळे उजेड सगळा कपाटाला मिळतो. वरचे साहेब बरे आहेत. विचारात पडले की तोंडात लवंग टाकतात, म्हणजे आपण गप्प राहायचं हे आपोआप कळतं.

आणि माझ्या टेबलावर पहिलीच फाईल कुठली यावी? जागतिक जलतरण स्पर्धेची. आपला देश यजमानपद मागतोय हे तू पेपरात वाचलंच असशील. त्यासाठी सरकारने जी हमी द्यायची असते, त्या हमीचं काम माझ्याकडे आहे. फायलीला सराव-तलावांची यादी जोडली आहे. बाहेरदेशीचे पोहणारे आधी येऊन जिथे सराव करतील ते तलाव. त्यांना दुरुस्तीला निधी मिळणार. त्या यादीत आपल्या गावचा तलाव आहे. तुझा तलाव, मावशी. मी यादी वाचली आणि कपाटाशी जाऊन उभी राहिले, कारण खिडकीशी जाता येत नाही आणि डोळे भरून आले होते.

एवढ्यात कुणाला सांगू नकोस.

तुझी,
काठू


१२ फेब्रुवारी

काठूबाई,

जिने लहानपणी तलावाचा काठ कधी सोडला नाही, म्हणून मी जिचं नाव काठू ठेवलं, तीच पोरगी आज अख्ख्या देशाला पाण्यात उतरवते आहे. जागतिक स्पर्धेची हमी माझ्या भाचीकडे. मी पत्र घेऊन काठावरून नुसती येरझाऱ्या घालत होते. पोरांना वाटलं, कोणाला तरी शिक्षा होणार.

कुणाला सांगू नकोस लिहिलंस, म्हणून मी नाही सांगितलं. फक्त नगराध्यक्षांना सांगितलं, कारण तलाव नगरपालिकेचा, त्यांना अंधारात ठेवून कसं चालेल? त्यांनीही कुणाला सांगितलं नाही, फक्त बैठकीत सांगितलं. सगळे खूश. अध्यक्ष म्हणाले, हमीच आहे म्हणजे झालंच की. काम आधी सुरू केलेल्याला निधीही आधी मिळतो, असा त्यांचा अनुभव आहे. म्हणून लगेच तलाव रिकामा केला. परवापासून जुन्या लाद्या उखडणं सुरू आहे. उथळ बाजू झाली, आता खोल बाजू. तळाशी काय काय सापडलं म्हणून सांगू, माझ्या हरवलेल्या दोन शिट्ट्यासुद्धा. एक अजून वाजते. रिकाम्या तलावात वाजवली तर आवाज असा फिरून आला की मीच दचकले.

सगळे विचारतात, खरंच येणार का स्पर्धा? मी सांगते, माझ्या भाचीने हमी दिली आहे.

नीट जेवत जा.

मावशी


१७ फेब्रुवारी

मावशी,

आधी ती तोडफोड थांबव, मग पुढचं वाच.

थांबवलीस? तर ऐक. तू हमीचा पार ध चा मा केलास. थोडी माझीही चूक, मी खात्याच्या भाषेत लिहिलं आणि तू घरच्या भाषेत वाचलंस. आपल्या घरी हमी म्हणजे खात्री. आमच्या शाखेत हमी म्हणजे जामीन. शेजाऱ्याने कर्ज काढलं आणि तू जामीन राहिलीस, तर तो फेडेल अशी खात्री तुला असो नसो, त्याने हात वर केले की बँक तुझ्या दारात. इथेही तसंच. स्पर्धेत तूट आली तर ती सरकार भरून देईल, असं सरकारने लिहून द्यायचं. स्पर्धा येणारच, असं त्यात कुठेही नाही. यजमानपद कुणाला, ते जागतिक महासंघ ठरवणार, आणि त्याने अजून ठरवलेलं नाही. आणि आपली हमीही अजून कुणी लिहून दिलेली नाही. बाजारात तुरी, अन् तुमच्या अध्यक्षांनी लाद्या फोडल्या.

शिवाय एक अडचण निघाली आहे. महासंघाने हमीचा मजकूर स्वतःच तयार करून पाठवला आहे. आपण फक्त सही करायची, शब्द बदलायचा नाही. त्यात एक ओळ आहे: तूट कितीही येवो, सरकार ती पूर्ण भरून देईल. त्या 'कितीही'वर खात्यात कुणीतरी हरकत घेतली आहे. म्हणणं असं की आकडा घाला, कमाल मर्यादा घाला. बघू काय होतं ते.

तलाव परत भरता येईल का, ते कळव.

काठू


२४ फेब्रुवारी

काठू,

तोडफोड थांबवायला उशीर झाला. खोल बाजूही उखडून झाली. नुसता सिमेंटचा खड्डा उरला आहे आणि त्यात पाणी सोडलं तर ते जमिनीत जाईल. अध्यक्षांना तुझं म्हणणं सांगितलं. ते म्हणाले, अहो, हमी आणि खात्री यात फरक तो काय, वकिलांना खायला घालायचे धंदे आहेत हे. पण त्यांचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून ते तलावाकडे फिरकले नाहीत.

ते सोड. मला हे सांग, तो हरकतवाला कोण? नाव पाठव. अशी माणसं मला चांगली माहीत आहेत. स्वतः कधी उडी मारायची नाही आणि दुसरा फळीवर चढला की खालून विचारायचं, पाणी किती खोल आहे हो? सगळं जुळत आलेलं असताना मध्ये पाय घालायचा. त्याला पोहता येतं का ते विचार. नसेलच येत. एकदा इकडे पाठव त्याला. खोल बाजूला त्या खड्ड्यात उभा करते आणि विचारते, बाबा रे, आता इथे पाणी कोण आणणार, तुझा बाप?

तू त्याच्या नादी लागू नकोस. साहेबांना सांग, आणि सही करून टाका.

मावशी


२ मार्च

मावशी,

तो हरकतवाला मीच. आणि बापाचं विचारत असशील, तर तो तुझाच मेव्हणा.

मागच्या पत्रात मी 'कुणीतरी' लिहिलं, कारण रिकाम्या तलावाचं वाचून माझी हिंमत झाली नाही. पण तू नाव मागितलंस, आता लपवत नाही.

आपल्या मामाने न्हाणीघराची भिंत दुरुस्तीला काढली होती ते आठवतं? गवंड्याने विचारलं, माल किती लावू? मामा ऐटीत म्हणाला, लागेल तेवढा लाव, आपल्याकडे कंजूषपणा नाही. गवंड्याला लागतच गेला. भिंत इतकी जाड झाली की आजही दार पुरतं उघडत नाही, आणि मामा तिरका होऊन आंघोळीला जातो. गवंडी वाईट नव्हता. पण 'पुरे' हा शब्द त्याला कुणी दिलाच नव्हता.

या हमीतलं 'कितीही' म्हणजे मामाचं 'लागेल तेवढं'. स्पर्धा भरवणारी मंडळी वेगळी, खर्च तेच ठरवणार, तिकिटांचा आणि जाहिरातींचा मोठा वाटा महासंघ नेणार, आणि तूट मात्र आपली, आकडा न लिहिता. असं असलं की हात कोण आखडता घेईल? आणि ती तूट आम्ही कुठून भरणार? सरकारचं पैशांचं वेगळं झाड नसतं. ज्यांचा आवाज लहान त्यांच्यावर आधी कात्री चालते. गावोगावचे दवाखाने, शाळा, तलाव. ज्या तलावासाठी तू सही कर म्हणतेस, त्याच्याच पाण्याचे पैसे पुढच्या वर्षी मला कापावे लागतील, त्याचं टिपणही मीच लिहीन.

मला स्पर्धा नको असं नाही. हमी द्यायलाही ना नाही. फक्त किती, ते लिहायचं. मी आकडा सुचवला आहे, चांगला मोकळा सुचवला आहे. पण आकड्याशिवाय माझ्या हातून ती फाईल पुढे जाणार नाही.

रागावशील, ते ठाऊक आहे.

काठू


२० मार्च

काठू,

रागावलेच आहे, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. अजूनही राग गेलेला नाही, पण तुला इथलं कळायला हवं.

पोरं येतात. रोज सकाळी येतात, पोशाख घालून. मी त्यांना बाकांवर पालथं झोपवते आणि हात मारायला लावते, हवेत. बिनपाण्याचं पोहणं. लहान आहेत त्यांना मजा वाटते. मोठी आता एकमेकांकडे बघत नाहीत. उन्हाळ्यात पाणी आलं नाही तर निम्मी पोहणंच सोडतील. आणि तलाव वर्षभर कोरडा राहिला की काय होतं ते मला माहीत आहे. आधी कडेला गाड्या लावतात, मग आत भरणी टाकतात, मग म्हणतात इथे कधी तलाव होता का? मग मी कुठे जाऊ? निवृत्त झाले तरी रोज इथेच येते, मला दुसरं काही येत नाही. घरात बसून मी काय करू, बादलीवर शिट्टी वाजवू?

मामाची भिंत सांगतेस मला. हसू आलं होतं, पण ते मी गिळलं.

सगळे देश तशीच सही करतात असं पेपरात आहे. सगळे मूर्ख आणि आमची भाचीच शहाणी. लहानपणी सगळी पोरं पाण्यात आणि तू एकटी काठ धरून. मी किती सांगायचे, सोड, मी आहे. सोडला नाहीस. आजही तेच चाललंय. काठ सोड, काठू. सही कर.

मावशी


२९ मार्च

मावशी,

तुझं पत्र दप्तरात घेऊनच बैठकीला गेले होते, म्हणून सगळं सांगते.

बैठकीच्या आदल्या दिवशी साहेबांनी बोलावलं. मी बसायच्या आतच लवंग तोंडात गेली. म्हणाले, "तुम्ही थोडे दिवस रजा घ्या. टिपण दुसरं कुणी लिहील. तुमच्यावर काही येणार नाही." चांगुलपणानेच म्हणाले. मी म्हटलं, रजा शिल्लक आहे, पण जायला जागा नाही, गावचा तलाव कोरडा पडलाय. ते हसले नाहीत. मी रजा घेतली नाही.

महासंघाचे दोघे आले होते. अतिशय गोड माणसं. त्यातले एक म्हणाले, मर्यादा घालता म्हणजे तुमचा तुमच्याच स्पर्धेवर विश्वास नाही. मी म्हटलं, "खर्चाचा अंदाज तुमचाच आहे. त्याच्यावर बरीच भर घालून मी आकडा लिहिला आहे. तुमचा तुमच्या अंदाजावर विश्वास असेल, तर आकड्याला भ्यायचं कारण काय?" ते हसले, वही मिटली आणि म्हणाले, इतर देश रांगेत आहेत. ते खरंच आहे.

दुसऱ्या दिवशी फाईल परत आली. माझ्या टिपणाखाली साहेबांचा शेरा होता, 'सहमत'. मंत्र्यांनीही तसंच मान्य केलं. हमी गेली, आकडा घालून. आता महासंघ काय म्हणतो ते बघायचं.

आता तुझं. माझा एक हात काठावर असतो, हे खरं. पण काठ नसला तर त्याला तलाव म्हणत नाहीत, मावशी. पूर म्हणतात. तू त्या पोरांना पाण्यात सोडतेस ते चारी बाजूंनी काठ आहे म्हणूनच सोडतेस. नदीत सोडशील?

बाकांवरच्या पोरांचं वाचून मी रडले. जिन्यात रडले, कारण खोलीत माणसं होती. तरीही आकडा काढणार नाही. दोन्ही खरं आहे. तुला पटत नसेल तर तसंच राहू दे.

काठू


१५ एप्रिल

काठू,

पेपर आला. स्पर्धा दुसऱ्या देशात गेली. तुलाही कळलंच असेल, माझ्या आधी.

त्याच संध्याकाळी नगरपालिकेत सभा झाली. गर्दी खूप. अध्यक्ष उभे राहिले आणि म्हणाले, राजधानीत एका बाईने हट्ट धरला, त्यापायी आपला तलाव गेला. नाव घेतलं नाही, पण सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मागून कुणीतरी म्हणालं, हमी दिली होती ना भाचीने?

मी उठले. तुला सांगते, त्या क्षणापर्यंत मी तुझ्यावर चिडलेलीच होते. घरून निघताना ठरवलं होतं, गप्प बसायचं. पण तो माणूस तुझ्याबद्दल असं बोलला आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "हमी माझ्या भाचीने दिली नव्हती. मी दिली. तिच्या पत्रातला एक शब्द माझ्या मनाने वाचून, तिच्या नावावर, मीच गावभर दिली. लाद्या अध्यक्षांनी फोडल्या, पैसे हातात नसताना. तिने काय केलं? जिथे सगळे डोळे मिटून सही करतात तिथे डोळे उघडे ठेवले, आणि तोंड उघडलं ते मी आणि अध्यक्षांनी, जिथे बंद ठेवायचं तिथे. तेव्हा आता निस्तरायचं ते आपण." इतकं मोठ्याने बोलले की ध्वनिक्षेपकाची गरज पडली नाही. तलावावरच्या सवयीचा एवढाच फायदा.

मग सभा संपल्यावर पालक थांबले. अध्यक्षही थांबले, लाजेकाजेने का होईना. नगरपालिका मजुरी देणार. लाद्या आम्ही आणायच्या, नव्या, साध्या, चकचकीत नकोत. त्यासाठी आमच्या जलतरण मंडळाच्या नावावर बँकेचं कर्ज. पालक दरमहा वर्गणी देणार, माझ्या सरकारी निवृत्तिवेतनातला थोडा भाग मी देणार. मी हिशेब करून पाहिला, जमतं.

पण बँकेला जामीनदार लागतो, पक्क्या पगाराचा. बघ म्हणजे, फिरून हमी तुझ्याच दारात. अर्ज सोबत आहे.

बँकेतला कारकून भला मुलगा. म्हणाला, "आजी, जामिनाच्या रकमेची जागा कोरीच राहू द्या. काम वाढलं तर पुन्हा सही मागायला नको." मी पेन हातात घेतलं आणि मला मामा दिसला, तिरका होऊन आंघोळीला चाललेला. तिथे बँकेतच हसू आलं. या वेळी गिळलं नाही.

अर्ज बघ. आकडा मी भरला आहे, माझ्या हाताने, अक्षरी आणि अंकी. एवढ्यापुरतीच तू जामीन. त्याच्या पुढे गेलं तर ते माझं, तुझ्या दारात कुणी येणार नाही.

राग पुरता गेला आहे असं समजू नकोस. स्पर्धा इथे झाली असती तर मी पहिल्या रांगेत बसले असते. ते राहूनच गेलं.

मावशी


२१ एप्रिल

मावशी,

सही केली. आकडा बघितला आणि मगच केली, शाखेतली सवय. आयुष्यात मी पुष्कळ हमीपत्रं वाचली, पण कुणी मागितलं नसताना जामीनदाराच्या बाजूने आकडा लिहून आणलेलं हे पहिलंच.

माझी बदली झाली. पुन्हा एक जिना खाली, निवृत्तिवेतन शाखेत. कुणी शिक्षा म्हणून केली असं म्हणत नाही, पण तसंच आहे. साहेबांनी निरोपाला एक लवंग दिली. या खोलीला खिडकी आहे आणि तिच्यापुढे काही नाही. तुझं निवृत्तिवेतन आता माझ्या टेबलावरून जाणार, तेव्हा जरा नीट बोलत जा माझ्याशी.

पाणी सोडशील तेव्हा कळव. मी येईन. काठावर बसेन, आत उतरायचं वचन देत नाही.

काठू


११ जून

काठू,

लाद्या बसल्या. आकड्याच्या आतच बसल्या, थोडे पैसे उरले, त्यातून पालकांची वर्गणी मी परत करते आहे. घ्यायला कुणी तयार नाही. परवा पाणी सोडलं. भरायला वेळ लागला आणि पोरं तोवर हलली नाहीत, पावलं बुडली तेव्हापासून आतच होती.

काठ चारी बाजूंनी नवा केला आहे, वीतभर उंच. गवंड्याला वाटलं माझं वय झालं, मला आधार हवा आहे. मी त्याला काही सांगितलं नाही.

ये. काठावर बस, दिवसभर बस, कुणी चिडवणार नाही, मी शिट्टी घेऊन उभी असेन. आणि वाटलंच कधी तर सोडून बघ. खाली पाण्यात मी असेन. त्याची हमी मी देते, तुझ्या शाखेची नव्हे, आपल्या घरची, आणि तिच्यात आकडा घातलेला नाही.

मावशी